पेटीत न बसलेल्या चिमण्या

लोणावळ्यात घेतलेल्या खोलीबद्दल घरात अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण तिची किल्ली धाकट्या दिरानं, अमृतनं, गाडीच्या किल्लीतच अडकवली होती, आणि तो घरात फिरू लागला की ती वेगळी वाजायची. निदान माधवीला तरी.

आत्ताही तो वाटी न्यायला स्वयंपाकघरात आला, वाजला आणि गेला. माधवीनं खिरीतला डाव थांबवला नाही. स्वराजचं आज उष्टावण होतं. घरच्या इंद्रायणीची खीर तिनं मंद आचेवर ठेवली होती आणि नखाएवढी गुठळी राहू दिली नव्हती. दात न आलेल्या तोंडात जायची होती ती. बाळ तिचं नव्हे, धाकट्या जावेचं, प्रतीक्षाचं. पण पोट दुखलं की ते माधवीच्याच खांद्यावर गप्प व्हायचं, आणि डोळे जड झाले की तिच्याच पदराचा काठ मुठीत धरायचं. खोली म्हणजे ती मूठ जाणार. नवरा राजेंद्र कंपनीत गेला की आणि लेक राजेश्वरी शाळेत गेली की घर कसं वाजतं, ते तिला माहीत होतं.

"वैनी, इकडं ये की! बघ तरी काय काय लिहितात लोक!" बाहेरून अनितानं हाक मारली. नणंद परंदवडीहून सकाळीच आली होती आणि आल्यापासून प्रतीक्षाच्या मोबाइलला चिकटून बसली होती.

माधवी डाव हातात घेऊनच दारात आली.

"'दुपट्याचा स्पर्श आजीच्या साडीसारखा.' ऐकलंस? 'स्वराजच्या आईचे आभार.' आता बोल!"

स्वराजच्या आईचे. दुपटी माधवी शिवायची. झबली, टोपडी तिचीच. सासूबाईंच्या आणि गावातल्या बायकांच्या जुन्या मऊ सुती साड्या धुऊन, फाडून, चार पदरी करून. प्रतीक्षा त्यांचे फोटो काढायची, मोबाइलवर मागण्या घ्यायची, पुठ्ठ्याच्या पेटीत बाळंतविडा मांडायची. मग पेटी पुन्हा माधवीकडे यायची, मांजरपाटात शिवून बंद करायला. पेटीवर छापलेलं असायचं 'स्वराजचा विडा'. राजेश्वरी ज्या दुपट्यांत वाढली, त्यावरूनच हा धंदा सुचला होता. पण राजेश्वरीचा विडा असं काही कुणाला सुचलं नव्हतं.

"छान हाय," माधवी म्हणाली. "चिमण्यांचं काय लिवलंय का कुणी?"

प्रतीक्षानं मान वर केली. "चिमण्या आता कुठे पाठवतो, ताई?"

"न्हाई, आधीच्या कुणी लिवलं आसंल म्हणून इचारलं."

आधी पेटीत चिमणाळंही जायचं. पाळण्यावर टांगायचं, कापडी चिमण्यांचं. वरची चकती सुटी, तिला दोरे, दोऱ्यांना चिमण्या. प्रत्येक चिमणीचा डोळा माधवी वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं काढायची. मग एक दिवस प्रतीक्षा म्हणाली, ताई, हे पोस्टाच्या मापात बसत नाही, पेटी मोठी घ्यावी लागते आणि मोठ्या पेटीचा दर वरचा. त्याच दिवशी सासूबाईंची धुरीची पुडीही बाद झाली. त्यात कापूर असायचा आणि पेट घेणारं काही टपालानं चालत नाही. शालूबाई दोन दिवस घुम्यासारख्या वावरल्या. माधवी काहीच बोलली नव्हती. नियमाशी कोण भांडणार? तिनं उरलेली चिमणाळी खुंटीला टांगली, आणि त्यांच्याकडे पाहिलं की स्वराज हसायचा, एवढंच.

"आबा, मामाचा फोन आला का?" अमृतनं विचारलं.

"आला. कार्ला फाट्यावर गाड्यांची ही रांग लागलीय म्हनं," सासरे भिमाजी ओसरीवरून म्हणाले. "शनवार हाय. सारी पुण्या-मुंबईची मान्सं आपल्याच दारात."

मामानं पहिला घास द्यायचा, तोवर सगळ्यांनी थांबायचं. आणि नेमकी तेव्हाच ओसरीपाशी मोटारसायकल थांबली. मामा नव्हता. पोस्टातला बजरंग होता, आणि त्याच्या हातात मांजरपाटात शिवलेली पेटी होती.

माधवीनं आपली लाल दोऱ्याची शिलाई लांबूनच ओळखली. तिनं डाव पदरानं पुसला. पुसायचं काही कारण नव्हतं.

*

प्रतीक्षानं पत्ता वाचला, मग पुन्हा वाचला. गुवाहाटीची पेटी.

ही मागणी तिनं घरात सगळ्यांना वाचून दाखवली होती. साताऱ्याकडची मुलगी, नवरा लष्करात, बाळंत तिकडेच झाली, जवळ ना आई ना सासू. 'पुढच्या महिन्यात बारसं ठेवलंय, आपल्याकडचं काहीतरी बाळाच्या अंगावर असावं वाटतं,' असं तिनं लिहिलं होतं. ते वाचताना प्रतीक्षाचं अंगावरचं दूध भरून आलं होतं.

"परत का आली?" तिनं विचारलं.

बजरंग चपला काढून ओसरीच्या कडेला बसला. भरल्या घरात हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "वहिनी, पुढं यंत्रातून जातं ना पार्सल. आत कायतरी पेटणारं दिसलं त्यांना. पाठवणाऱ्याच्या समोर उघडून घ्या म्हणालेत साहेब. आन्…" त्यानं भिमाजींकडं बघितलं. "पुन्हा आसं झालं तर घरनं पार्सल उचलायचं बंद करणार. येक डाव सोडतो म्हणालेत."

"पेटणारं? माझ्या पेटीत?" प्रतीक्षा हसली. खरंच हसू आलं तिला. "अहो, मी अत्तराची कुपीसुद्धा काढून टाकली. काचेचं नाही, पातळ काही नाही, नासणारं नाही. नियम पाठ आहेत मला."

"उघड तर," अनिता म्हणाली.

लाल टाके एकेक करून प्रतीक्षानं कातरीनं तोडले. कुठेही हात लागलेला नव्हता. जसं घरातून गेलं तसंच आलं होतं. मांजरपाट निघाला, झाकण निघालं. वर छापलेलं कार्ड. खाली झबली, टोपडं, खुळखुळा. सगळ्यात खाली दुपटं. ते उलगडताना घडीच्या पोटातून वर्तमानपत्राची पुडी खाली पडली. आत वेखंड, ओवा, धूप, कापराच्या वड्या आणि कोरी करकरीत काडेपेटी.

पाळण्यात स्वराज आपलाच अंगठा चोखत होता, त्याचा आवाज येत होता तेवढाच.

"हे विमानात पेटलं असतं तर?" प्रतीक्षानं वळून माधवीकडे बघितलं. "ताई?"

"मला काय बगतीस?"

"शिलाई तुमची आहे."

"शिलाई माझीच आसती," माधवी म्हणाली. "नाव तेवढं माझं नसतं."

म्हणजे हे होतं तर. प्रतीक्षाला इतके दिवस जे नुसतं जाणवत होतं ते आता बोटानं दाखवता येणार होतं. हिला माझं बघवत नाही. माझं नाव बघवत नाही, माझं कार्ड बघवत नाही. आणि माझं बाळ? ते तर हिनं केव्हाच नेलंय. मी दूध पाजायचं, आणि ढेकर काढायला त्यानं हिच्याकडे हात करायचे. रात्री मी जागायचं, आणि सकाळी हिला बघून त्यानं हसायचं!

"तुम्हाला राग माझ्यावर होता ना? मग मला बोलायचं होतं. त्या पोरीचं काय चुकलं होतं? तिचं बारसं आहे!"

"प्रतीक्षा, आवाज खाली," भिमाजी म्हणाले.

"नाही आबा. पार्सल उचलायचं बंद झालं तर मी रोज तान्हं बाळ घेऊन पोस्टात जाऊ का?"

अनिता सरकून प्रतीक्षाच्या बाजूला आली. "वैनी, चिमण्या काढल्याचा तुला राग आला होता, मला म्हाईतीय. मलाही वाईट वाटलं. पण म्हणून काडेपेटी? असं कुणी करतं का गं?"

माधवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हो म्हणेना, नाही म्हणेना.

"आई," अमृतनं घसा खाकरला, "मी उद्या सांगणार होतो. आम्ही लोणावळ्यात खोली घेतलीय. स्टेशनजवळ. माझी गाडीही भाड्याला दिवसभर तिकडेच असते, पोस्ट तिथून चालत जाण्यासारखं आहे. ही तिचं काम तिकडून करील. भांडण नको, काही नको."

"आज?" भिमाजी एवढंच म्हणाले. "पोराच्या उष्टावणाला?"

*

शालूबाई पाळण्याशी बसल्या होत्या, पाळण्याची दोरी हातात धरून. दोरी ओढायची त्या विसरल्या होत्या.

इथून मळवलीतून, आंदर मावळातल्या माहेरून, जिथून म्हणून कुठल्या लेकीसुनेला विडा गेला, तो आजवर शालूबाईंच्या हातून गेला होता. कुणाला काय द्यायचं ते त्या ठरवत. आता एक मोबाइल ठरवायचा आणि एक पोस्ट ठरवायचं. हे चालत नाही आई, ते चालत नाही आई. सून गोड बोलायची, पण पुडी बाजूला काढायची. सुनेचा राग नव्हता त्यांना. त्या पोस्टाचा होता. न बघितलेल्या बाळंतिणीला काय लागतं ते त्याला काय कळतं?

पण आता खोलीचं नाव निघालं होतं. आणि थोरली तशीच उभी होती, तोंड शिवल्यासारखी.

"तिला कशाला बोलतीस?" शालूबाई म्हणाल्या. "मी टाकली ती."

"आई!" अनिता ओरडलीच.

"वराडतीस काय? मी टाकली. तूच वाचून दाखवलंस न्हवं, प्रतीक्षा, की पोरीजवळ कुनी न्हाई? मंग धुरी कोन देनार त्या लेकराला? आन् धुरी धाडली, तर पेटवायला काडी नको?"

"अहो आई, तिच्याकडे गॅस असेल. लायटर असेल. काडेपेटी काय गुवाहाटीत मिळत नाही?"

"आसंल. मिळत आसंल." शालूबाईंनी दोरी ओढली, पाळणा हलला. "राजेंद्र झाला तवा आमी त्या खालच्या बंगल्यावर व्हतो, आउटहौसात. भर आखाड. घरात काडी न्हाई, व्हती ती सादळलेली. ह्ये पावण्यांची सरबराई करत वर बंगल्यात. मी दहा दिसाची वली बाळंतीन, पोराला टावेलात गुंडाळून शेजारच्या बंगल्याच्या दारात उभी ऱ्हायले. म्हनलं, बाई, जरा इस्तू द्या. ती म्हनली, हितं नको उभी ऱ्हाऊ, फरशी वली व्हती."

भिमाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ही गोष्ट त्यांनीही आज पहिल्यांदा ऐकली असावी.

"तवापासनं माझ्या हातचा विडा काडेपेटीबिगर गेला न्हाई. बाळंतिनीनं इस्तवासाठी दुसऱ्याच्या दारात जायाचं न्हाई. हितल्या हितं, जवळ मान्सं आसलेल्या बायांना तू पुडीबिगर देतीस, तवा मी गप बसले. पर ही लांबची व्हती गं. एकटी व्हती."

प्रतीक्षानं डोळ्याला पदर लावला. अनितानं तिच्या खांद्यावरचा हात काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

शालूबाई मात्र त्या पुडीकडे बघत होत्या. त्यांनी ती झाकणाखाली, टोपड्याच्या वर ठेवली होती. घाईघाईनं, कुणी यायच्या आत. पुडी निघाली ती दुपट्याच्या घडीतून. दुपट्याची अशी घडी, कोपरा आत दाबलेली, त्यांच्या आखडलेल्या बोटांना जमत नव्हती. म्हणजे नंतर कुणीतरी पेटी उघडली होती. पुडी बघितली होती, खाली लपवली होती आणि वरून शिवून टाकलं होतं.

त्यांनी थोरल्या सुनेकडं पाहिलं. माधवीनं नजर खाली घातली.

"घडीत खुपसली मी," शालूबाई ठासून म्हणाल्या. "दिसू नये म्हणून. माझंच काम ते. आता ती पोरगी बसून ऱ्हाईल ना वाट बगत. पुन्यांदा भरा ती पेटी."

*

"ताई, चुकलं माझं," प्रतीक्षा म्हणाली. सगळ्यांसमोर म्हणाली, ते तिला सोपं नव्हतं. ती खाली बसली आणि दुपटं आवरायला घेतलं.

घडी घालता घालता तिचे हात थांबले. एक घडी, दुसरी घडी, मग कोपरा आत. तिला ही घडी कधीच नीट जमली नव्हती. तिच्या हातची सुटायची, म्हणून दुपटं नेहमी ताईंकडेच जायचं. सासूबाईंना तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नव्हता.

तिनं वर पाहिलं. माधवी तिच्याकडेच बघत होती. बघत होती म्हणण्यापेक्षा, वाट बघत होती. आता ही बोलेल, आणि बोलली की किल्ली वाजेल.

माधवीनं ती पुडी बघितली होती. शिवायला घेताना झाकण नीट बसेना म्हणून उघडलं, तर समोर काडेपेटी. काढून ठेवायला कितीसा वेळ लागला असता? पण आतून प्रतीक्षाच्या हसण्याचा आवाज येत होता, ती कुणाला तरी सांगत होती, 'हो, सगळं मीच डिझाइन करते.' माधवीनं पुडी घडीत सारली. जाऊ दे. सापडू दे. एकदा तरी हिचं नाव खाली येऊ दे. मग सगळे टाके तिनं नेहमीपेक्षा बारीक घातले होते. गुवाहाटीच्या मुलीची आठवण तिला त्या वेळी झाली नव्हती. ती आत्ता होत होती.

प्रतीक्षानं तोंड उघडलं.

"अगं, पण ही पेटी तर अर्धी रिकामीच दिसते!" अनिता मधेच म्हणाली. आईनं कबूल केल्यापासून तिला थोरल्या वहिनीसाठी काहीतरी करावंसं वाटत होतं. ती उठली, खुंटीवरचं एक चिमणाळं काढलं, चकती सोडवली, दोरे गुंडाळले आणि चिमण्या झबल्यांच्या बाजूला एकेक करून झोपवल्या. वर चकती आडवी ठेवली. झाकण लावलं. झाकण बसलं.

तिनं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "बसतंय की! पेटी हीच, माप हेच. मग पोस्टाला काय झालं होतं?"

प्रतीक्षाचं तोंड तसंच उघडं राहिलं.

पोस्टाला काही झालं नव्हतं. तिनं मोजून बघितलं होतं. चकती सोडवली तर बसतं, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण प्रत्येक घरून फोटो यायचे ते चिमण्यांचे. 'चिमण्या कुणी केल्या? त्यांच्या हाताला आमचा नमस्कार सांगा.' एकदा पाळण्यावरच्या चिमण्या बघत स्वराज असा काही खिदळला होता, की प्रतीक्षानं त्याला उचलून घेतलं तर तो रडायला लागला, चिमण्यांकडे हात करून. त्याच दुपारी तिनं मोबाइलवरून नियम वाचून दाखवले होते. नियम खरेच होते. फक्त या पेटीला लागू नव्हते.

आता माधवी तिच्याकडे बघत होती, आणि वाट बघायची पाळी प्रतीक्षाची होती.

"मला मोजायला जमलं नसेल," प्रतीक्षा म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"आसंल," माधवी म्हणाली. "मापाचं आसंच आसतं. चुकतं मान्साचं."

एवढ्यावर ते मिटलं. अनिता एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. काहीतरी आपल्या डोक्यावरून गेलं, एवढं तिला कळलं. शालूबाईंना सगळं कळलं होतं, पण त्या पाळणा हलवत होत्या.

"धुरी?" त्यांनी तेवढं विचारलं.

"वेखंड, ओवा, धूप घालू आई. वासापुरतं. कापूर आणि काडी नाही. आणि मी तिला फोन करून सांगते, घरात एक काडेपेटी आधी आणून ठेव म्हणून. तुमचा निरोप म्हणून सांगते."

"माझा म्हणूनच सांग," शालूबाई म्हणाल्या.

बजरंग खिरीची वाटी घेऊन ओसरीवर बसला होता. पाहुण्यानं बाळाच्या आधी खाल्लं तरी चालतं, असं भिमाजींनी ठरवून टाकलं होतं. माधवीनं नवा मांजरपाट अंथरला, सुईत लाल दोरा ओवला. पेटीवर कापड ओढून पहिला टाका घातला, तशी प्रतीक्षा समोर येऊन बसली. मांडी घालून. डोळे सुईवर.

"आत बगून घे येकदा," माधवी म्हणाली.

"बघितलं."

टाके पडत गेले. प्रतीक्षा हलली नाही.

"आता परत्येक पेटीला बसनार का आशी? राखण?"

"बसेन."

"लोनावळ्यावरनं येऊन?"

प्रतीक्षानं ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर अमृत कुणाशी तरी बोलत होता, आणि ती किल्ली त्याच्या बोटाभोवती फिरत होती. चिमण्या आता प्रत्येक पेटीत जाणार. कौतुक ताईंचं येणार. आणि ताईंच्या हाताखालून पेटी गेली, की आत काय आहे ते आपल्याला रात्रभर खुपणार. हे सगळं दुरून कसं सोसायचं?

"लोणावळ्यावरून रोज कसं जमेल?" ती म्हणाली. "हे कापड जरा इकडून ओढा. सुरकुती राहतेय."

माधवीनं कापड ओढलं. तिच्या ओठाचा कोपरा हलला असेल-नसेल.

"सुहासमामा आला!" बाहेरून अमृत ओरडला. त्या आवाजानं स्वराज दचकला आणि भोकाड पसरलं. दोघी जावा एकदम उठल्या. माधवीच्या हातात सुई होती, दोरा पेटीत अडकलेला, शेवटची गाठ बाकी होती. ती अर्ध्यावरच थांबली. प्रतीक्षा पाळण्यापाशी पोहोचली, तिनं बाळाला छातीशी घेतलं, आणि आज, कधी नव्हे ते, त्यानं आईच्या पदराचा काठ मुठीत धरला आणि गप्प झालं.

माधवी पुन्हा खाली बसली. शेवटची गाठ तिनं जरा जास्तच आवळली.